झाड नव्हे

महापे एमआयडीसीत, बिस्किटांच्या कारखान्यामागे
आमचं संग्रहालय पहिल्या मजल्यावर.
खाली पंपांचं गोदाम.
पाटी एकच, तीही पंपांची.

माझ्या ताब्यात चार हजार एकशे बारा
पानं, खोडं, बिया. एकही हिरवं नाही.
सकाळी आल्या आल्या वास घ्यायचा,
एकेक खण ओढून, आत नाक घालून.
विझलेल्या आगकाडीसारखा वास आला की समजायचं
दगडातल्या गंधकाला खाडीची हवा लागली.
उमरेडच्या कोळशातलं एक जिभेएवढं पान
असंच गेलं, दोन वर्षांपूर्वी.
जमिनीत पंचवीस कोटी वर्षं टिकलं,
आमच्याकडे अकरा.
खणात राखाडी पूड
आणि अर्धवट खाल्लेलं लेबल,
त्यावर कुणा आधीच्या माणसाच्या टाकाने लिहिलेलं
‘सांभाळून’.

पूड फेकली नाही, डबीत भरली.
डबीला पानाचाच क्रमांक दिला.
लेखापरीक्षकाने विचारलं, हे काय?
म्हटलं, पान.

गुरुवारी यल्लव्वा धोत्रे आली
तुर्भ्याच्या बंद खाणीखालच्या वस्तीतून.
सोबत नात, दप्तर पोटावर घेतलेली.
पदरात दगड. दगडावर नेचा,
काळा, बारीक, शेंड्याशेंड्यापर्यंत फुटलेला,
इतका सुबक
की मला लगेच कळलं.

‘मालकानं सुरुंग उडल्यावर उचलला.
छत्तीस वर्सं देव्हाऱ्यात हाय.
पोरगी म्हनती, पुस्तकात असलाच हाय.
किती जुनं झाड, तेवढं सांगा.’

भिंग नातीच्या हातात दिलं.
पानाची शीर दिसते? नाही.
देठ कुठून निघतो?
ती बराच वेळ शोधत होती, ओठ चावत.
‘इथून. कडेच्या भेगेतून.’
तिथून पाणी आत शिरलं होतं,
मँगनीज घेऊन,
आणि फट मिळेल तसं पसरलं होतं.

झाड नव्हे, म्हटलं.
वर्षातून दहाबारा वेळा म्हणावं लागतं.
अजून सवय होत नाही.

यल्लव्वाने दगड पदराने पुसला,
जणू मीच त्यावर काही सांडलं होतं.
‘म्हंजी जित्तं कवाच नव्हतं?’
कधीच नाही.
‘मग मेलंबी न्हाई.’

मी चहा मागवला.
तेवढ्यात नातीला मोहगावच्या गारेतलं ताडाचं फळ दाखवलं,
आम्लात बुडवून, वर फिल्म चिकटवून, वाळल्यावर सोललेलं.
प्रकाशासमोर धरलं की पेशी दिसतात,
भिंतीला भिंत लागलेल्या खोल्या.
‘आमची वस्ती वरून अशीच दिसते,’ ती म्हणाली,
‘सर्वेवाल्यांनी ड्रोन उडवला ना, तेव्हा बघितली.’

यल्लव्वाचं लक्ष भलतीकडेच,
दगडांवरच्या पांढऱ्या ठिपक्यांकडे,
त्यावरच्या काळ्या आकड्यांकडे.
‘आमच्या दारावर बी टाकून गेल्यात नंबर.
हितं नंबर पडला की पुढं काय व्हतं?’

भिंतीवर नियम लावलेत, चौकटीत, तिरके.
सातवा वाचून दाखवला:
क्रमांक पडलेली वस्तू
अभिरक्षकाच्या लेखी परवानगीशिवाय हलवू नये.

तिने चहा संपवला. बशीतलाही.
मग दगड माझ्यापुढे सरकवला.
‘टाका.’

ब्रश बारीक घेतला.
पांढरा ठिपका, वाळेपर्यंत फुंकर,
चार एक एक तीन,
वर नेलपॉलिशचा बिनरंगी हात.
नोंदवहीत ‘वनस्पतीचे नाव’ या रकान्यात लिहिलं: नव्हे.
‘कोठे मिळाली’: तुर्भे, सुरुंगानंतर.
‘सध्या कोठे’ पाशी थांबले.
दगड तिने परत पदरात बांधला होता.

लिहिलं: देव्हारा, यल्लव्वा धोत्रे यांचे घर,
आणि दारावरचा नंबर, तिने सांगितला तसा.

मार्चमध्ये लेखापरीक्षक येईल.
प्रत्येक वस्तू जागेवर पाहिल्याशिवाय
सही करत नाही तो.
त्याला खाणीचा चढ चढावा लागेल,
चप्पल बाहेर काढावी लागेल.